बरडाचा वाटा

रंभाजीबापूंच्या वर्षश्राद्धाची पंगत आदल्या दिवशीच उठली होती आणि पाहुणेरावळे आपापल्या गावाला लागले होते. कोल्हारच्या त्या घरात आता बापूंची बायको बनाबाई, त्यांची चार लेकरं आणि थोरली सून लंकाबाई एवढीच माणसं उरली होती. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, तिच्यावर दोन नवी लुगडी घडी न मोडता ठेवलेली आणि दारात भाड्याची जीप उभी. तालुक्याला जायचं, दोघी बहिणींनी हक्कसोड पत्रावर सही करायची, बापाच्या जमिनीत आमचं काही नाही असं लिहून द्यायचं आणि लुगडं काखेत मारून सासरी जायचं. घरोघरी असंच चालत आलेलं. एखाद्या बहिणीनं सही केली नाही असं पंचक्रोशीत कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून थोरल्या बन्सीनं जीप सांगताना बहिणींना विचारलंही नव्हतं. बैल घेताना चार लोकांना विचारायचं असतं, बहिणीला काय विचारायचं!

"चला, उरका," बन्सी पटका गुंडाळत म्हणाला. "उनं चढायच्या आत गेलं पायजे. लुगडी बघून घ्या, मागनं रंग आवडला न्हाई म्हनू नका."

थोरली बहीण राहीबाई, शिंगणापूरला दिलेली, तिनं लगेच मोरपंखी लुगड्यावर हात ठेवला. धाकटी चांगुणा खांबाला टेकून बसली होती. तिनं हात पुढं केला नाही.

"दादा, मी सही करनार न्हाई."

भिंगारहून येताना अख्ख्या एस.टी.च्या वाटेत तिनं हे वाक्य घोळवलं होतं. आधी आबांची, वडिलांची, आठवण काढायची, मग भावाचे उपकार मानायचे आणि मग हळूच विषयाला हात घालायचा, असा तिचा बेत होता. प्रत्यक्षात ते तोंडातून एकदम सुटलं आणि सुटल्यावर तिचं तिलाच बरं वाटलं.

"काय म्हनली ही?" बन्सीनं धाकट्या राधाकृष्णाला विचारलं, जणू बहीण कानडीत बोलली होती.

"सही करनार न्हाई म्हनती," राधाकृष्ण म्हणाला. तो मॅट्रिक झालेला, साखर कारखान्यात उसाच्या चिठ्ठ्या फाडणारा स्लिपबॉय. घरातले कागद वाचायचं काम त्याचं, आणि भांडणात कुणाच्या बाजूनं बोलायचं हे शेवटी ठरवायची खोडही त्याचीच.

"ह्यो पुस्तकांचा परताप," बन्सी म्हणाला.

चांगुणाला वाचनाचा जबर नाद होता. नवरा मच्छिंद्र भिंगारच्या लष्करी वर्कशॉपात मिस्त्री, शेजारी कॅम्पातली रद्दी उचलणारा आणि नगरच्या वाचनालयाची वर्गणी, एवढ्यावर तो नाद चांगला पोसला गेला होता. व्यापाऱ्यांची चरित्रं, शेतीची मासिकं, अल्पबचतीची पत्रकं, मनाची ताकद कशी वाढवावी, गिऱ्हाईक कसं जोडावं. पान छापलेलं असलं म्हणजे झालं, ती वाचायची. वाचलेलं करून बघायची ही मात्र जास्तीची हौस. थंड पाण्यानं आंघोळ केली की माणूस मोठा होतो असं वाचून तिनं एका माघात सगळ्या घराला गार पाण्यानं न्हाऊ घातलं, आणि आठवडाभर सगळं घर शिंकत बसलं. मधमाश्यांची पेटी आणली, तर माश्या शेजाऱ्याच्या लिंबावर राहायला गेल्या. मच्छिंद्र हसायचा, पण वर्गणी भरायला कधी चुकायचा नाही. चांगुणालाही आपल्यावर हसता यायचं. न करता शहाणं राहण्यापेक्षा करून फजीत झालेलं बरं, असं तिचं मत होतं.

"दादा, पुस्तकाला कशाला नावं ठेवतोस?" ती म्हणाली. "आबाच्या मागं लेकीचाबी वाटा हाय. कायदा होऊन पंधरा वर्सं झाली."

"कायदा!" बन्सी जोत्यावर बसला. त्याचा आवाज चढला नाही, उलट जड झाला. "आबा आठ म्हैने आंथरुनाला खिळला हुता, तवा कायदा नव्हता आला त्याला उठवून बसवायला. मी बसवत हुतो. तुमा दोघींची लग्नं कुनी केली? नदीकडच्या काळ्या रानात उभी हयात मी घातली. माझी तीन पोरं हायेत. समद्यांनी तुकडं तोडून न्यायचं तर त्यांनी काय धुपाटनं घ्यायचं हातात?"

हे सगळं खरं होतं. आबांच्या दुखण्यात चांगुणा दोनदाच येऊन गेली होती आणि त्याची बोच तिच्या मनात होतीच. म्हणून तर तिनं सगळा विचार करून पाऊल टाकलं होतं.

"तुझं काळं रान तुला लखलाभ, दादा. त्यातलं मला ढेकूळबी नको. मला बरड दे."

"कंचं बरड?"

"आपलं. रस्त्याकडचं."

मग राधाकृष्ण फिसकन हसला, आणि बन्सीही हसला. नगर–मनमाड रस्त्याला लागून त्यांचं दोन एकराचं एक टेपाड होतं. मुरूम, गोटे, तरवड आणि चार बाभळी. रंभाजीबापूंनी तिथं नांगर घातला होता तेव्हा फाळ मोडला होता, आणि त्यानंतर शेळ्यांशिवाय कुणी तिकडं फिरकलं नव्हतं. प्रवरेकाठच्या माणसाला जमीन म्हणजे काळी आणि ओली. बाकीच्या जमिनीला तो जमीन म्हणत नाही, नुसती जागा म्हणतो.

"आगं येडे," राहीबाईला मनापासून कणव आली, "त्या बरडावर कुसळ उगवत न्हाई. त्यापरीस लुगडं बरं. निदान नेसता तरी येतं."

"मला पिकवायचं न्हाई ते, अक्का."

झालं. हे ऐकलं आणि बन्सीचं हसू मावळलं. त्यानं राधाकृष्णाकडं पाहिलं, राधाकृष्णानं त्याच्याकडं पाहिलं. दोघं उठून जीपच्या आडोशाला गेले. त्यांची कुजबूज चांगुणाला ओसरीवर ऐकू येत होती, कारण त्या घरातल्या माणसांना कुजबुजायला कधी जमलंच नव्हतं.

"तिला कायतरी कळलंय," राधाकृष्ण म्हणत होता. "भावजी मिल्ट्रीच्या वर्कशॉपात हायेत. तिथं सरकारी बातमी आधी येती. बरडावर कायतरी येनार असंल बघ. छावनी म्हन, डेपो म्हन."

"तरीच!" बन्सी म्हणाला. "न्हाईतर दगडं मागायला काय डोकं फिरलंय तिचं?"

बन्सी परत आला तो मोठ्या मनाच्या भावासारखा. "चांगुने," तो गोड आवाजात म्हणाला, "बहिनीला दगडं दिली म्हनून उद्या गाव माझ्या तोंडात शेन घालंल. बरड ऱ्हाऊ दे. नदीकडची अर्धा एकर काळी घे तू. इहिरीच्या बाजूची."

आतल्या दारात उभ्या असलेल्या लंकाबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला आणि कान दिला. बांधावरच्या वीतभर काळ्या मातीसाठी चुलतभावाशी तीन वर्षं कोर्टात भांडलेला तिचा नवरा आज विहिरीच्या बाजूची अर्धा एकर द्यायला निघाला होता!

चांगुणाला हसू आवरेना. "दादा, न्हाई रं कसली छावनी, न्हाई डेपो. मी सांगते ना काय ते. लपवायचं काय त्यात?"

आणि तिनं सांगितलं. गेल्या दिवाळीला परत जाताना ती बरडावरच्या बाभळीखाली एस.टी.ची वाट बघत बसली होती. एस.टी. काही वेळेवर आली नाही. बसल्या बसल्या तिनं रस्ता पाहिला. शिर्डीला जाणाऱ्या मोटारी, शनीला जाणारे ट्रकभर लोक, मनमाडहून येणारा माल. गाड्या थांबायला बघत होत्या आणि पुढं जात होत्या, कारण थांबावं असं तिथं काहीच नव्हतं. एका मोटारीतली बाई लेकराला पाणी मागायला उतरली आणि चांगुणानं आपल्या तांब्यातलं दिलं. बाई म्हणाली, "इथं कुठं पेरू मिळतील का हो?" अन् पेरूच्या बागा तर हाकेच्या अंतरावर होत्या.

"मी लई वाचलं, दादा. यापारी लोकांची पुस्तकं वाचली. त्यातला कुनीच माल आधी बघत न्हाई. मानसाचे पाय कुठं वळत्यात ते आधी बघतो. काळी जमीन पावसावर पिकती. दोन सालं झाली, पाऊस कुठंय? नदीत पानी किती उरलंय ते तूच बघतोस. समदं बियानं एकाच वाफ्यात टाकू नये. रस्ताबी पिकतो, दादा. त्याला पाऊस लागत न्हाई."

"काय करनार तिथं तू?"

"पत्र्याची शेड. चहा, पानी, सावली. गावातल्या बागांचे पेरू, लिंबं तिथंच इकायची. पोस्टात माझी शिलाईची शिल्लक हाय. पुढं जमलं तर माल ठेवायला गोडाऊन."

बन्सीनं मोठा श्वास सोडला. छावणी नव्हती. डेपो नव्हता. बहिणीला चहाची टपरी टाकायची होती! बरं वाटण्यात आणि राग येण्यात त्याची थोडी ओढाताण झाली आणि शेवटी दोन्ही एकदमच बाहेर पडलं. "रंभाजीबापूची लेक ड्रायव्हर लोकांना चहा देनार? ह्ये शिकलीस पुस्तकातनं? घे, घे तुझं बरड! टाक टपरी, बोंबल तिथं. मी आडवा येनार न्हाई. आई, तू साक्षीदार. बरड हिला दिलं. आता तरी चल, सही कर."

"सही कशाची?"

"हक्कसोडीची! आगं, नाव कागदावर आमचंच ऱ्हाऊ दे. वापर तू. जलमभर वापर. माझा शबुद हाय."

ओसरीवर सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं. राहीबाई म्हणाली, "घे की गं, मिळालं ना तुला पायजे ते!" राधाकृष्ण म्हणाला, "ताई, ह्ये चांगलं झालं. समद्यांचं ऱ्हायलं." आतून बनाबाई पहिल्यांदा बाहेर आली. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "माझ्या लेकरांत वाकडं नको. बन्सी शबदाचा पक्का हाय, चांगुने. घे."

आता चांगुणाचं मन खरोखर डळमळलं. समोर आई उभी होती. भाऊ खोटं बोलत नव्हता, हेही तिला ठाऊक होतं. बन्सी शब्द मोडणारा नव्हताच. हो म्हटलं असतं तर दुपारी सगळ्यांबरोबर जेवून, लुगडं घेऊन, पंचमीला परत येते म्हणून ती हसत निघाली असती. तिच्या घशाशी 'बरं' आलंही होतं.

"अक्का," ती राहीबाईला म्हणाली, "माझा शिलाईचा वर्ग आठवतो तुला? भिंगारच्या बाजारात?"

"न आठवायला काय झालं? तूच तर दाखवला हुतास. लई पोरी येत हुत्या."

"खोली तोंडी हुती. मालकीन बाई देवमानूस. म्हनली, कागद कशाला, तू माझी लेकच. मी गिलावा केला, खिडकी पाडली, फळी ठोकली. वर्ग चालायला लागला. मग त्या बाई वारल्या आन् त्यांच्या पोराला खोली दिसली. आठ दिवसांत मशिनी रस्त्यावर. पोरगा वाईट नव्हता. त्याच्या आईचा शबुद त्याचा नव्हता, एवढंच." ती बन्सीकडं वळली. "दादा, तू हायेस तंवर मला काय भ्या न्हाई. पर तुझ्या मागं तुझी तीन पोरं हायेत. आन् रस्ता पिकायला लागल्यावर त्यांना ते बरड दिसनार. तवा आत्याची टपरी कुनाच्या जिवावर उभी ऱ्हानार?"

"माझी पोरं तसली न्हाईत!"

"कुनाचीच नसत्यात. जमीन तसली असती." ती बोलतच राहिली. "मी समदी पुस्तकं वाचली. समदी मोठी मानसं सांगत्यात, आमी कष्टानं वर आलो, पहाटं उठलो, पै पै राखली. खरं असंल. पर पयली चार पानं नीट वाच तू. तिथं बापाची वखार असती. न्हाईतर काकाचं दुकान. न्हाईतर एक खोली, त्याच्या नावावरची. उभं ऱ्हायला जागा असती, मग त्यो उडी मारतो. ते पान कुनी मोठ्यानं वाचत न्हाई. मी तीन डाव वाचलंय. बाईच्या गोष्टीत तेवढं पान नसतंच, दादा. मी ते मागतीय. दोन एकर दगडं, माझ्या नावानं, सातबाऱ्यावर."

बन्सी उठला. त्याच्या मानेची शीर फुगली होती. आता तो पेच टाकत नव्हता, त्याला दुखलं होतं. माझ्या शब्दावर हिचा भरवसा नाही, एवढंच त्याच्या कानात शिरलं होतं.

"मंग ऐक. तुला कागद पायजे ना? घे कागद. पर माहेर मिळनार न्हाई. पंचमीला मुराळी येनार न्हाई तुला न्यायला. दिवाळीला न्हाई. तुझ्या पोराच्या लग्नात मामा म्हनून मी उभा ऱ्हानार न्हाई. बहीनच भावावर उलटली तर जगात काय उरलं? बाया अशा वाटं मागाया लागल्या तर घरंदारं बसतील मातीत!"

"तुमी मला मागाया लावला हुता की."

हे लंकाबाई बोलली. दारातून एक पाऊलही पुढं न येता, पदर सावरत. ओसरीवर सगळ्यांनी मान वळवली, कारण सासऱ्यांच्या ह्या घरात लंकाबाईनं चार माणसांत नवऱ्याला उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"काय?"

"माझा बाप गेला तवा. कोपरगावाकडं आमची बागाईत हाय म्हनून तुमी रोज म्हनत हुता, माग वाटा, भाऊ कोन लागून गेला. मीच भ्याले. माहेर तुटंल म्हनून अंगठा दिला. तीन वर्सं झाली. मुराळी एक डाव आला. त्योबी बैल मागाया."

राधाकृष्णानं तोंडावर हात धरला. तो हसत होता की खोकत होता, ते त्यानं कळू दिलं नाही. बन्सीचाच दगड बन्सीच्याच पायावर पडला होता आणि ओरडायचीही सोय नव्हती.

राहीबाईनं मोरपंखी लुगडं उचलून मांडीवर घेतलं. "मी करते सही," ती खाली बघत म्हणाली. "मला नको कुनाशी वैर. आमच्या गावात घराला दार न्हाई, पर माहेराचं दार मिटलं तर मला सोसायचं न्हाई. चांगुने, तू मला भित्री म्हन."

"मी न्हाई म्हनत तसं, अक्का," चांगुणा म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, लपवलंही नाही. अक्काला जे गमवायचं भय वाटत होतं, ते ती स्वतः आता गमावून बसली होती, आणि पुस्तकात कुठंही त्याची किंमत लिहिलेली नव्हती. धीर धरा, निश्चय करा, यश तुमचंच. निश्चय केल्यावर आईच्या तोंडाकडं बघवत नाही, हे लिहायला त्या शहाण्यांना जागा पुरली नव्हती. तिला त्या सगळ्यांचा एकदम राग आला. पण उठून ती म्हणाली ते हेच, "सोमवारी तलाठी गावात असतो. मी अर्ज घेऊन येते."

तिनं पिशवी उचलली. जीपच्या ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवून बघितला आणि आतलं वारं ओळखून पुन्हा गप्प बसला.

तेवढ्यात लंकाबाई ताट घेऊन बाहेर आली. तांदूळ, खण, नारळ, हळदकुंकू. लेक माहेराहून निघाली की ओटी भरल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, आणि बनाबाईच्या कपाळावर आता कुंकू नव्हतं, म्हणून ते काम सुनेचं.

"ताट आत ने," बन्सी म्हणाला. "हिची ओटी भरायची न्हाई ह्या घरात."

लंकाबाई होती तिथं थांबली. ती ताट आत नेईना आणि पुढंही येईना. रिकाम्या ओटीनं लेक घालवणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. राहीबाईला हुंदका आला. बनाबाईनं भिंतीचा आधार घेतला.

चांगुणानं पायात चपला घातल्या. मान वर करून तिनं भावाकडं सरळ पाहिलं.

"ऱ्हाऊ दे, वयनी. दादाचं बरोबर हाय. ओटी जानाऱ्या लेकीची भरत्यात. मी कुठं जातीय? माझं वावर हाय हितं."

ती पायऱ्या उतरली. अंगण ओलांडलं. जीपला वळसा घालून ती रस्त्याला लागणार, एवढ्यात मागून आईची हाक आली. बनाबाई भिंत सोडून ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिली होती. बन्सी तिच्या शेजारीच होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"चांगुने! सोमवारी कवाच्या गाडीनं येशील?"

"का गं?"

"सकाळच्या का दुपारच्या, ते सांग," बनाबाई म्हणाली. "त्या हिशेबानं भाकरी टाकते."